लोणच्याचा खार, पायातला गोळा आणि त्यामागची प्राध्यापकी

३ सप्टेंबर २०००. टेक्सासमधल्या अर्व्हिंग गावात अमेरिकन फुटबॉलच्या मोसमातला पहिलाच सामना होता, डॅलस काउबॉईज विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. खेळ सुरू झाला तेव्हा पारा १०९ अंश फॅरनहाइटवर होता, म्हणजे जवळपास ४३ सेल्सियस. चंद्रपूरकरांना हा आकडा नवा नाही, पण एवढ्या उन्हात हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून एकमेकांवर आदळायची वेळ त्यांच्यावर येत नाही. ईगल्सनी तो सामना ४१-१४ असा खिशात घातला. नंतर बातमी फुटली की संघाचे मुख्य ॲथलेटिक ट्रेनर रिक बर्कहोल्डर यांनी खेळाडूंना लोणच्याचा खार पाजला होता. तो सामना तिकडे आजही लोणच्याच्याच नावाने ओळखला जातो.

हा खार कैरीच्या लोणच्याचा नाही, तेव्हा बरणीकडे धावू नका. काकड्या मीठ, पाणी आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात, त्या बरणीत जे आंबट-खारट पाणी उरतं ते. त्यात तेल नसतं, मोहरी-मेथीचा आपल्यासारखा फेसलेला मसालाही नसतो.

पायात गोळा आला की खार प्या, हा उपाय त्या सामन्याच्याही आधीपासून मैदानांवर चालत होता. त्यामागचा तर्क सगळ्यांना पटण्यासारखा होता. घामातून मीठ जातं, मीठ कमी पडलं की पेटके येतात, खारात मीठ असतं, प्यायला की भरपाई होते. इतकी सरळ साखळी असली की ती तपासून बघावी असं कुणाला वाटत नाही. ती तपासून बघणं हेच काही माणसांचं आयुष्यभराचं काम असतं. ती माणसं विद्यापीठात असतात, त्यांच्या विषयाला अमेरिकेत ‘ॲथलेटिक ट्रेनिंग’ म्हणतात आणि त्याला लागूनच क्रीडा-आहारशास्त्राचं संशोधन चालतं. आपल्याकडे या पेशाची फारशी ओळख नाही, म्हणून तो समजून घेण्यासाठी खाराचाच धागा धरू.

आधी एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये वजनं मोजून देणारा ट्रेनर नव्हे. मैदानावर खेळाडू कोसळला की डॉक्टरच्या आधी धावत जातो तो हा. घोट्याला टेप लावणं, डोक्याला मार बसलाय का ते ओळखणं, दुखापतीनंतर माणसाला पुन्हा खेळायला कधी सोडायचं ते ठरवणं, उन्हाळ्यात सराव थांबवायला लावणं, हे त्याचं रोजचं काम. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. आता या पेशात यायला तिकडे मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी आणि त्यावर राष्ट्रीय परीक्षा लागते. हेच काम आपल्याकडे फिजिओ, मालीशवाला, फिटनेस कोच आणि ‘आमचे सर’ यांच्यात वाटून गेलेलं आहे.

यातले बरेचजण आयुष्यभर संघांबरोबर राहतात. थोडेजण मात्र मैदानावर सुचलेला एखादा प्रश्न घेऊन पीएचडीला जातात. केव्हिन मिलर त्यांपैकी एक. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात त्यांनी पीएचडीसाठी हा खाराचाच प्रश्न उचलला आणि पुढे नॉर्थ डकोटा, मिशिगन इथे शिकवत ते याच वाटेवर राहिले. सुरुवात अगदी साधी होती, ट्रेनर लोकांनाच विचारायचं की तुम्ही खार वापरता का. साधारण चौथा हिस्सा ‘हो’ म्हणाला. म्हणजे उपाय प्रचारात होता, पण तो का चालतो याचं उत्तर प्रत्येकाकडे वेगळं होतं.

मग त्यांनी मिठाची साखळी एकेक कडी करून तपासली. पहिली कडी अशी की खार प्यायल्यावर रक्तातलं मीठ खरंच वाढतं का? माणसांना वजनाच्या प्रमाणात खार, साधं पाणी किंवा नेहमीचं स्पोर्ट्स ड्रिंक दिलं आणि तासभर ठरावीक अंतराने रक्त काढून तपासलं. हा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. सोडियम, पोटॅशियम, रक्तातलं पाणी, कशातच दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आणि ते साहजिक आहे. किलोमागे एक मिलिलिटर खार म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर मिलिलिटर. टपरीवरच्या कटिंगएवढं पाणी ते, आणि शरीरात रक्त पाच लिटर. शिवाय ते आधी पोटातून आतड्यात उतरायला हवं, मगच रक्तात पोचणार.

दुसरी कडी जास्त अवघड होती. पेटका मागवून येत नाही. खेळाडूच्या मागे सुई आणि घड्याळ घेऊन महिनोन्‌महिने फिरलात तरी नेमका तुमच्यासमोर गोळा येईल याचा भरवसा काय? म्हणून प्रयोगशाळेत तो विजेने आणला. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे एक मज्जातंतू जातो, त्याला झटपट झटके द्यायचे, की अंगठा वाकवणारा तळव्यातला छोटा स्नायू गोळा होऊन आवळून बसतो. अंगठा खाली वळतो, माणूस दात-ओठ खातो आणि स्नायूवर चिकटवलेल्या तारांमधून त्याची विद्युत हालचाल पडद्यावर दिसते. ती रेघ शांत झाली की पेटका संपला. मूठभर निरोगी तरुणांना आधी एका पायाने सायकल मारायला लावून घामाघूम केलं, वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत पाणी घामावाटे जाईस्तोवर. मग दुसऱ्या पायात पेटका आणला आणि लगेच खार किंवा शुद्ध पाणी पाजलं. दोन्ही गोष्टी त्याच माणसांवर, वेगवेगळ्या दिवशी.

पाणी प्यायल्यावर पेटका सरासरी १३४ सेकंदांत सुटला, खार प्यायल्यावर साधारण ८५ सेकंदांत. म्हणजे एकोणपन्नास सेकंद आधी. पोटरी पकडून जमिनीवर लोळलेल्या माणसाला पाऊण मिनिट म्हणजे काय ते विचारा. आणि त्याच वेळी काढलेल्या रक्तात? पाच मिनिटांनंतरही मीठ जिथल्या तिथे.

२०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘लोणच्याचा खार खरंच गुणकारी’ असे मथळे देऊन टाकले. मला त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा वाटतो. उपाय लागू पडला, पण ज्या कारणासाठी तो सांगितला जात होता ते कारण मात्र पडलं. मिठाला पोचायला वेळच मिळाला नव्हता. मग काय झालं असेल? मिलर यांचा अंदाज असा की व्हिनेगरचा आंबट झटका घशातल्या संवेदी टोकांना बसतो, तिथून मेंदूकडे इशारा जातो आणि स्नायूला ‘आवळ, आवळ’ म्हणणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी गप्प होतात. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तो जुळतो दुसऱ्या एका धाग्याशी.

तो धागा दक्षिण आफ्रिकेतला. केपटाउनचे डॉक्टर मार्टिन श्वेलनस १९९७ पासून म्हणत होते की व्यायामातला पेटका हा पाणी-मिठाचा नसून थकलेल्या स्नायूचा आणि मज्जासंस्थेचा घोटाळा आहे. थकवा आला की स्नायूला आवळायला सांगणारे संदेश वाढतात आणि सैल सोडायला सांगणारे कमी होतात. टू ओशन्स या ५६ किलोमीटरच्या शर्यतीत पेटके आलेले आणि न आलेले धावपटू त्यांनी पुढे २००४ च्या अभ्यासात तपासले, तर त्यांच्या रक्तातल्या क्षारांत अर्थ लावण्याजोगा फरक निघाला नाही. आजी पोटरी ताणून धरायची, अंगठा वर ओढायची, ते या सिद्धांतात चपखल बसतं, कारण ताण दिला की सैल सोडायचे संदेश जागे होतात.

आता शंका घ्यायची तर इथेही घेता येते आणि घ्यायलाच हवी. विजेने अंगठ्याजवळच्या बोटभर स्नायूत आणलेला पेटका म्हणजे बत्तिसाव्या किलोमीटरला मांडीत आलेला गोळा नव्हे. शिवाय खार आणि पाणी यांतला फरक जिभेला कळतोच, त्यामुळे ‘आपण औषध घेतलंय’ या समजुतीचा हिशेब पूर्ण पुसता येत नाही. मिठाचा सिद्धांत मानणारे शास्त्रज्ञही अजून आहेत, आणि ज्यांच्या घामातून फार मीठ जातं अशा काही खेळाडूंपुरतं ते बरोबरही असू शकेल. २०२२ मध्ये मिशिगनमधल्या डॉक्टरांनी तर यकृताच्या सिरोसिसच्या रुग्णांना पेटका आला की खाराचा घोट घ्यायला सांगितलं, आणि त्यांच्या पेटक्यांची तीव्रता कमी झाल्याचं आढळलं. मैदानाच्या कडेला सुरू झालेला प्रश्न असा रुग्णालयापर्यंत गेला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका पेटक्यावर इतकी वर्षं? पण या नोकरीचं गणितच तसं आहे. अमेरिकेत सहायक प्राध्यापक म्हणून लागलात की साधारण सहा वर्षांत स्वतःला सिद्ध करायचं असतं, तरच नोकरी पक्की. त्यात शिकवणं आलं, विद्यार्थ्यांना मैदानावर तयार करणं आलं आणि शोधनिबंध छापणंही आलं. माणसांवरच्या प्रत्येक प्रयोगाआधी नैतिकता समितीपुढे जायचं. समिती विचारणार, इतका घाम काढणार तर माणूस चक्कर येऊन पडला तर काय? विजेचा झटका किती, थांबवायचा कधी, रक्त किती वेळा काढणार? मग पैसा. हृदयरोग, कर्करोग यांच्या मानाने पायातल्या गोळ्यावर कोण पैसे देणार? म्हणून नमुना लहान राहतो, दहा-पंधरा तरुण, बहुतेक त्याच विद्यापीठातले. क्रीडाविज्ञानातले कितीतरी निष्कर्ष विशीतल्या कॉलेजकुमारांवर उभे आहेत, बायकांवरचे अभ्यास फार उशिरा आणि फार थोडे झाले. ही या क्षेत्राची खरी दुखरी बाजू आहे आणि अलीकडे कुठे ती उघडपणे बोलली जाते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर गॅटोरेड या स्पोर्ट्स ड्रिंकची गोष्ट सांगायलाच हवी. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका सहायक प्रशिक्षकाने तिथले मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट केड यांना विचारलं की सामन्याच्या दिवशी आमच्या पोरांना लघवीच का होत नाही? प्रश्न असा अघळपघळ, पण शास्त्रज्ञाच्या हातात पडला की त्याचं सोनं होतं. केड आणि सहकाऱ्यांनी घाम मोजला, मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण केलं. चव इतकी भयंकर की केड यांच्या पत्नीने लिंबाचा रस घालायला सुचवलं. म्हणजे शेवटी आपलं लिंबू सरबतच झालं म्हणा. पुढे ते उत्पादन बाजारात गेलं, विद्यापीठाने हक्कासाठी भांडण केलं आणि वीस टक्के रॉयल्टी पदरात पाडून घेतली. १९८५ मध्ये गॅटोरेडच्या नावाने एक क्रीडाविज्ञान संस्थाही निघाली.

इथून गुंता सुरू होतो. पेय विकणारी कंपनीच जेव्हा ‘किती प्यावं’ या संशोधनाला पैसे देते तेव्हा उत्तर ‘जास्त प्या’कडे झुकण्याचा धोका असतो. तहान लागायच्या आधीच प्या, जमेल तेवढं प्या, असं धावपटूंना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तर १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलं होतं. तेही मुख्यतः अति पाणी प्यायल्यामुळे. धावून वजन वाढलेले लोक त्यात सर्वांत जास्त सापडले. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने स्पोर्ट्स ड्रिंक्समागचा पुरावा खोदून काढला आणि त्यातला बराचसा तकलादू असल्याचं दाखवलं. मुंबई मॅरेथॉन किंवा सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं की तहानेचं ऐका, टेबल दिसलं म्हणून प्रत्येक ठिकाणी ग्लास रिकामा करू नका.

आहाराच्या बाजूची माझी आवडती जोडी स्वीडनची. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन. बर्गस्ट्रॉमनी मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा स्नायूचा तुकडा काढणारी सुई रुळवली होती. १९६६ मध्ये दोघे एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाने डाव्या पायाने पॅडल मारलं, दुसऱ्याने उजव्या, दोघांचेही पाय गळून जाईपर्यंत. प्रत्येकाचा दुसरा पाय आराम करत होता. नंतर तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण आणि मधूनमधून दोन्ही मांड्यांत सुई. दमलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, नुसता भरून आला नाही तर आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. जेवण तेच, रक्त तेच, माणूस तोच. फरक फक्त पायाने काम केलं होतं की नव्हतं एवढाच. शर्यतीआधी भात-बटाट्यावर ताव मारायची पद्धत या प्रयोगातून आली. विषयही स्वतःच आणि शास्त्रज्ञही स्वतःच! आजची नैतिकता समिती याला परवानगी देईल का, कोण जाणे.

याच प्रश्नाला पन्नास वर्षांनी लुईझ बर्क यांनी पुन्हा हात घातला. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन क्रीडा संस्थेत १९९० पासून आहारतज्ज्ञ म्हणून त्या काम करत होत्या. पिष्टमय पदार्थ जवळजवळ टाळून चरबीवर भर देणाऱ्या केटो आहाराची लाट आली तेव्हा त्यांनी जागतिक दर्जाचे चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू तीन आठवडे शिबिरात ठेवले, तीन वेगवेगळ्या आहारांवर. तूप-लोणी-चीजवाल्यांच्या शरीरात चरबी जाळण्याचं प्रमाण खरंच प्रचंड वाढलं. केटोवाले म्हणत होते ते बरोबर निघालं. पण तेवढाच वेग ठेवायला त्यांना जास्त प्राणवायू लागू लागला, आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत बाकीचे दोन गट सुधारले तेव्हा हे किंचित मागे पडले. इथेही खाराचंच वळण आहे. शरीरात काय घडतं ते लोकांनी ओळखलं होतं, त्यातून काय फायदा होईल हे मात्र चुकलं होतं.

उष्माघाताचा विषय मात्र इतका निवांत नाही. तिथे उत्तर चुकलं तर माणूस जातो. डग्लस कासा शाळकरी वयात, १९८५ मध्ये, दहा हजार मीटरच्या शर्यतीत उष्माघाताने कोसळले आणि वाचले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी याच एका विषयाला दिलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सरावानंतर उष्माघाताने दगावला, आणि २०१० मध्ये त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात कासा यांच्या हाताखाली संस्था उभी राहिली. त्यांच्या शिकवणीचं सार आहे ‘आधी थंड करा, मग हलवा’. खेळता-धावताना माणूस बरळायला लागला, कोसळला आणि शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलेलं असलं, तर साधारण अर्ध्या तासाच्या आत ते खाली आणावं लागतं. आतलं तापमान गुदद्वारातूनच नीट कळतं, कपाळाला लावायची यंत्रं अशा वेळी फसवतात. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बुडवलं तर तापमान मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरतं. मॅसॅच्युसेट्समधल्या फॅल्मथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीत अठरा वर्षांत २७४ जणांना उष्माघात झाला, सगळ्यांना जागेवरच पाण्यात उतरवलं, आणि सगळे वाचले.

टब नसेल तर? त्यावरही शोधनिबंध आहेत, आणि उत्तर शेतकऱ्याच्या घरातलं आहे. माणसाला ताडपत्रीवर झोपवायचं, चार-पाच जणांनी कडा वर उचलून धरायच्या, आत बर्फाचं पाणी ओतायचं आणि ते हलवत राहायचं. टबाइतकं वेगाने नाही, पण तिथे टब नसताना पुरेसं.

हे आपल्याकडे सांगायचं कारण उघड आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर अंतर कमी करावं लागलं. गावोगावच्या मैदानांवर पोरं-पोरी आजही भरतीसाठी पळतात. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो, बर्फ आणि ताडपत्री मात्र नसते. पळायची वेळ पहाटेची ठेवणं, पहिले दहा-बारा दिवस अंतर हळूहळू वाढवणं आणि ताप किंवा जुलाब असलेल्याला त्या दिवशी घरी पाठवणं, एवढ्याला तर प्रयोगशाळाही लागत नाही.

या वाटेला जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. फिजिओथेरपीची पदवी घेतली म्हणून अमेरिकेतली ॲथलेटिक ट्रेनरची परीक्षा देता येत नाही, तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो. संशोधनाकडेच ओढा असेल तर व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र किंवा पोषणशास्त्र हे दार जास्त मोकळं आहे, आणि अर्ज करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा तिथला प्राध्यापक कोणत्या प्रश्नावर काम करतोय ते आधी वाचावं, कारण पुढची पाच वर्षं तुम्ही त्याच्याच प्रश्नाबरोबर काढणार असता. इकडेच राहायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही दोन नावं माहीत असावीत. प्रश्नांची तर आपल्याकडे रेलचेल आहे. कबड्डीत वजन गटासाठी खेळाडू दोन दिवस उपाशी राहतात, त्याने चढाईवर काय परिणाम होतो? पैलवानाच्या थंडाईतून आणि दुधा-तुपातून त्याला नेमकं काय मिळतं? वारीत रोज वीसेक किलोमीटर चालणारा साठीचा माणूस पिठलं-भाकरीवर पायातला गोळा कसा टाळतो? या शेवटच्या प्रश्नावर कुणी पीएचडी करणार असेल तर रक्ताचे नमुने गोळा करायला वाखरीपर्यंत चालायची तयारी ठेवावी लागेल, आणि नैतिकता समितीला ते समजावून सांगायचीही.